हाताला कळलेला धातू

विजापूरच्या बुरुजावर 'मलिक-ए-मैदान' नावाची तोफ आहे. मराठीत तिला 'मुलुखमैदान' म्हणतात. लांबी चौदा फुटांवर, वजन सुमारे 55 टन, तोंडाशी सिंहासारखा जबडा आणि त्या जबड्यात चिरडलेला हत्ती. ती विजापूरची म्हणून ओळखली जाते, पण तिचा जन्म विजापूरचा नाही. 1549 साली तेव्हाच्या अहमदनगरात एका रूमी, म्हणजे तुर्की उस्तादाने ती ओतली. पुढे ती आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या परंड्याच्या किल्ल्यावर होती आणि 1632 साली तिथून विजापूरला नेली गेली. पंचावन्न टनांचे हे धूड त्या काळच्या वाटांनी कसे ओढून नेले असेल, याची कल्पना करूनच आपण थकतो. मला मात्र त्याहून वेगळा प्रश्न पडतो. हे ओतले कसे असेल? आणि ज्यांनी ओतले, त्यांच्या हाताला जे ठाऊक होते, ते आज कुणाच्या हाताला ठाऊक आहे?

हा प्रश्न पुस्तकात बसून सुटत नाही. थोडे तरी काम स्वतःच्या हाताने करून पाहावे लागते. जगात अनेक ठिकाणी हौशी माणसे हेच करताहेत. कुणी बँकेत नोकरी करतो, कुणी शाळेत शिकवतो आणि सुटीच्या दिवशी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मध्ययुगातल्या कारागिरांच्या पद्धतीने चिलखत विणतो, तांबे ठोकतो, चांदीची तार जडवतो. मीही त्यांच्यातलाच एक. कविता लिहितो आणि उरलेल्या वेळात धातूवर कानस चालवतो. या हौसेतून काय करता येते, आणि ते का करावे, एवढेच आज सांगायचे आहे.

सुरुवात आपल्या किल्ल्यांपासूनच करू. परंडा आणि नळदुर्ग इथे दोन जातींच्या तोफा समजून घेता येतात. एक ओतीव, दुसरी बांगडी तोफ. हा फरक कारागिराच्या आवडीतून आला नाही, तो आगीच्या मर्यादेतून आला. लोखंड वितळायला सुमारे 1538 अंश सेल्सिअस उष्णता लागते. आपल्याकडच्या त्या काळच्या भट्टीत एवढ्या मोठ्या तोफेचे लोखंड पाण्यासारखे करणे शक्य नव्हते. मग कारागिराने दुसरी वाट काढली. लोखंडाच्या लांब पट्ट्या पिंपाच्या फळ्यांसारख्या गोलाकार उभ्या मांडायच्या आणि त्यांवर लालभडक तापवलेल्या लोखंडी बांगड्या एकीला एक लावून चढवायच्या. तापलेली बांगडी थंड होताना आकसते आणि आतल्या पट्ट्यांना जखडून टाकते.

हे वाचून आपल्या भागातल्या वयस्कर माणसांना काहीतरी आठवेल. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना हेच करत. गोवऱ्यांच्या जाळात लोखंडी धाव लाल करायची, सांडशीने उचलून लाकडी चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचे. चर्रकन आवाज होई, वाफ उठे आणि चाक आवळले जाई. बादशाही तोफखान्यातली युक्ती आणि गावच्या लोहाराची युक्ती एकच. इतिहासात तोफेचे नाव राहिले, धाव चढवणाऱ्याचे राहिले नाही, इतकाच फरक.

ओतीव तोफेची गोष्ट वेगळी. मुलुखमैदानीला आपण सहज 'पंचधातूची' म्हणतो. तपासणीत मात्र तिच्यात तांबे सुमारे 80 टक्के आणि कथील सुमारे 20 टक्के आढळले. म्हणजे हे चक्क कांसे झाले. उन्हाळ्यात तळपायाला तेल लावून जी काशाची वाटी घासतात, तिचाच हा धातू. नुसते तांबे 1085 अंशांना वितळते, पण एवढे कथील मिसळले की मिश्रण 900 अंशांच्या आसपासच पातळ होते. कथिलाने दोन कामे होतात, ओतणे सोपे जाते आणि धातू कठीण होतो. म्हणूनच अशा धातूवर ठोकले की घंटेसारखा नाद येतो. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. हे किल्ले संरक्षित आहेत. तिथल्या तोफांवर दगडाने ठोकून आवाज ऐकण्याचा मोह टाळावा, नाव कोरण्याचा तर नक्कीच. नाद ऐकायचाच असेल तर घरातली वाटी पुरेशी आहे.

आता घरी काय करता येईल ते पाहू. नवशिक्याने पहिले काम निवडावे ते चिलखताच्या तुकड्याचे. त्याला आग लागत नाही. सव्वा ते दीड मिलिमीटर जाडीची तार हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळते. ती आठ मिलिमीटरच्या गुळगुळीत सळईभोवती स्प्रिंगसारखी घट्ट गुंडाळायची, स्प्रिंग काढून घ्यायची आणि कातरीने एकेक वेढा कापायचा. झाल्या कड्या तयार. मग दोन पकडी घेऊन विणायला बसायचे. नियम एकच : प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांतून गेली पाहिजे. तळहाताएवढा तुकडा करायला दोनशेच्या आसपास कड्या लागतात. पूर्ण अंगरख्याला हजारो लागतात.

हा तुकडा हातात घेतला की दोन गोष्टी कळतात. पहिली म्हणजे लोखंड कापडासारखे वागू शकते. ते मुठीत मावते, बोटांतून ओघळते. दुसरी गोष्ट अशी की आपण केले ते अर्धेच काम आहे. आपल्या कड्यांची टोके नुसती भिडवलेली असतात, जोराने ओढले तर उघडतात. खऱ्या चिलखतात कडीची टोके चपटी करून, त्यांना बारीक भोक पाडून, त्यात इवलासा रिबिट बसवून ठोकलेला असतो. वस्तुसंग्रहालयात भिंग घेऊन पाहिले तर तो रिबिट दिसतो. एका चिलखतात असे हजारो रिबिट! बखरीत ज्याचे चिलखत असते त्याचे नाव येते. ते विणणाऱ्याच्या डोळ्यांचे काय झाले, ते कुठे येत नाही.

दुसरे काम तांब्याचे. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथे तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे एकसारखे ठोके उमटवून चकाकी आणतात, त्याला मठारकाम म्हणतात. ठोक्यांनी भांडे केवळ सुंदर होत नाही, टणकही होते. हे कसे होते? धातू आतून बारीक स्फटिकांचा बनलेला असतो. ठोकल्यावर त्या स्फटिकांची घडी विस्कटते, ते एकमेकांत अडकतात आणि पत्रा ताठ होतो. आणखी ठोकत राहिलात तर तडा जातो. म्हणून कारागीर मध्येच थांबतो, पत्रा मंद लाल होईपर्यंत तापवतो आणि पाण्यात बुडवतो. उष्णतेने आतले स्फटिक पुन्हा नव्याने जुळतात आणि तांबे मऊ पडते. इथे एक गंमत आहे. पोलाद लाल करून पाण्यात बुडवले तर कठीण होते, तांबे मात्र बुडवले तरी मऊच राहते. लोहाराच्या मुलाला आणि तांबटाच्या मुलाला हे शाळेत जाण्यापूर्वीच ठाऊक असे.

तापवून काळा पडलेला पत्रा चिंच आणि मिठाने घासला की लखलखतो, हे घराघरांतल्या बायकांना सांगायला नको. चिंचेतले आम्ल तांब्यावरची काळी पुटी विरघळवते. आता पत्र्यावर नक्षी उठवायची असेल तर खाली मऊ पण धरून ठेवणारी बैठक हवी. सोनार आणि तांबट त्यासाठी राळ, विटेची बारीक पूड आणि थोडे तेल एकत्र वितळवून वापरतात. त्यावर पत्रा चिकटवायचा, बोथट लोखंडी कलमाने मागून फुगवायचा आणि पुढून रेषा बसवायच्या. देवघरातले कुलदैवतांचे टाक आपण पाहतो, तेही पातळ पत्र्यावर मागून उठाव देऊन केलेले असतात. मी स्वतः या पद्धतीने लेखण्या ठेवायची एक तबकडी केली. तिच्यावर एकच बदामी पान आहे. त्या पानाला चार रविवार लागले.

तिसरे काम आमच्या भागाला सर्वांत जवळचे आणि सर्वांत अवघड. ते बिदरीचे. बिदर आज कर्नाटकात आहे म्हणून ते परके वाटते. पण 1948 पर्यंत आपला जिल्हा आणि बिदर एकाच हैदराबाद संस्थानात होते. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके आपल्याच जिल्ह्याला जोडले गेले. 1982 मध्ये लातूर जिल्हा झाला तेव्हा ते तिकडे गेले. परंड्याचा किल्ला बांधण्याचे श्रेय ज्या महमूद गवानला देतात, त्याचाच 1472 चा मदरसा बिदरला उभा आहे. उमरग्याहून सकाळी निघालेला माणूस बिदरचे काम पाहून संध्याकाळी परत येऊ शकतो.

बिदरीची वस्तू काळीभोर असते आणि तिच्यावर चांदीची नक्षी चमकते. हा काळा रंग लावलेला नसतो, तो त्या धातूतूनच काढलेला असतो. धातू म्हणजे जस्त आणि तांबे, प्रमाण साधारण सोळास एक. एरंडेल आणि राळ मिसळलेल्या मातीच्या साच्यात वस्तू ओततात. मग कानशीने घासून गुळगुळीत करतात. त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवतात, त्याने पृष्ठभाग तात्पुरता काळसर होतो आणि कोरलेली रेघ पांढरी उठून दिसते. कागद नाही, छाप नाही, कारागीर सुईसारख्या टोकाने सरळ धातूवरच वेल काढतो. मग लहान पोलादी कलमाने ती रेघ खोल कोरतो आणि त्या खाचेत शुद्ध चांदीची तार हातोडीने बसवतो. चांदी मऊ असते, ती ठोक्याने पसरून खाच पूर्ण भरते आणि कडांखाली धरून राहते. ना डिंक, ना डाग. तार जडवली तर तारकशी, पत्र्याचे तुकडे जडवले तर तहनिशान, अशी कामाची निरनिराळी नावे आहेत.

यानंतर पुन्हा घासून वस्तू गुळगुळीत करतात आणि त्या वेळी सगळे काम जणू नाहीसे होते. जस्तही पांढरट, चांदीही पांढरी. आठ-दहा दिवसांची नक्षी डोळ्यांना दिसेनाशी होते. शेवटी बिदरच्या किल्ल्यातल्या जुन्या बांधकामातली, वर्षानुवर्षे ऊन-पाऊस न लागलेली माती आणि नवसागर पाण्यात मिसळून तापवतात आणि त्यात वस्तू बुडवतात. क्षारांच्या क्रियेने वरचे जस्त थोडे झिजते, तांब्याचे काळे संयुग पृष्ठभागावर धरते आणि वस्तू काळीकुट्ट होते. चांदीवर या पाण्याचा परिणाम होत नाही, ती तशीच राहते. तेलाचा हात फिरवला की काळा रंग आणखी गडद होतो. माती योग्य आहे की नाही हे जुने कारागीर जिभेवर ठेवून ओळखतात. नवसागर मात्र आपल्या ओळखीचा आहे. गल्लीत कलईवाला बसायचा, तापलेल्या भांड्यात नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा आणि कापसाच्या बोळ्याने कथील सर्रकन पसरायचे. तिथे नवसागर धातू स्वच्छ करतो, इथे काळा करतो. पदार्थ तोच, पण कुठे किती वापरायचा, हे हाताला ठाऊक हवे.

हौशी माणसाने बिदरीचे ओतकाम घरी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जस्त 419 अंशांना वितळते म्हणून काम सोपे वाटते, पण ते जास्त तापले तर पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला तर काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. पितळ वितळवतानाही हाच धोका असतो. जस्ताचा मुलामा असलेली तार जाळात धरू नये, तीही याच कारणाने. त्यापेक्षा बिदरच्या कारागिराकडून ओतलेली लहान ताटली किंवा बटण विकत घ्यावे आणि कोरणे, तार बसवणे एवढेच शिकावे. किल्ल्यातली माती तर आपण उकरून आणायचीच नाही, शेवटचा काळा रंग त्यांच्याकडूनच करून घ्यावा. तलवारी-खंजीर घडवण्याच्या फंदातही पडू नये. त्यासाठी 1959 चा शस्त्र कायदा आहे आणि हौसेला त्याविना पुष्कळ जागा आहे. अडकित्ताच घ्या ना. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचे एकेक रूप पाहिले तर आयुष्य पुरणार नाही इतके नमुने सापडतात.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे कशासाठी? बाजारात वस्तू मिळतात, यंत्रे आहेत. तर या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या दख्खनच्या पोलादातच आहे. आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. तिथे मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि वनस्पतींचा पाला घालून, दीर्घकाळ तापवून पोलाद करत. ते विकत घ्यायला इराणचे व्यापारी त्या गावापर्यंत येत. अशा पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसे. जगाने त्याला दमास्कसचे नाव दिले, कच्चा माल मात्र इथला होता. विजेच्या शोधांनी प्रसिद्ध झालेला मायकेल फॅरेडे हा लोहाराचा मुलगा. त्यानेही 1819 च्या सुमारास या पोलादाचे कोडे सोडवण्याची खटपट केली. पुढे एकोणिसाव्या शतकात कारखान्यांचे पोलाद आले, भट्ट्या विझल्या आणि रीत गेली. ती कुणी चोरली नाही, कुणी जाळली नाही. करणारे थांबले, एवढेच झाले.

मग ती परत मिळवायला काय लागले? अमेरिकेत आल्फ्रेड पेंड्रे नावाचा एक माणूस होता. घोड्यांना नाल ठोकणे हा त्याचा व्यवसाय. आपल्याकडे नालबंद म्हणतो, तोच. त्याने स्वतःच्या भट्टीत वर्षानुवर्षे प्रयोग केले. जॉन व्हर्होवेन या धातुशास्त्राच्या प्राध्यापकाने त्याला साथ दिली. 1998 साली त्यांनी मांडले की ती लहरींची नक्षी लोखंडातल्या व्हॅनेडियमसारख्या घटकांच्या अत्यल्प अंशामुळे उमटते. विशिष्ट खाणीतले लोखंड संपले की तीच रीत वापरूनही नक्षी उमटणार नाही. म्हणजे कारागिराला व्हॅनेडियम हा शब्द माहीत नव्हता, पण कुठले लोखंड घ्यायचे ते माहीत होते. त्याचे ते माहीत असणे कागदावर नव्हते, म्हणून एका नालबंदाला आणि एका प्राध्यापकाला मिळून ते पुन्हा शोधावे लागले.

आपल्याकडे हे ज्ञान जातीजातींत बंद राहिले. लोहाराचे लोहाराकडे, तांबटाचे तांबटाकडे, ओतारीचे ओताऱ्याकडे. बाहेरच्याला दार बंद आणि आतल्याला दुसरे दार नाही. मग जो शिकला तो सर्वांत आधी भात्यापासून दूर पळाला. त्यात त्याचे काय चुकले? ज्या कामाला समाज मान देत नाही, पोटभर दामही देत नाही, ते काम मुलाने करावे असे कुठल्या बापाला वाटेल? मी बीए झालो तेव्हा आमच्याकडे शिकल्या माणसाच्या हाताला काळे लागणे कमीपणाचे समजत. आजही फारसे वेगळे नाही. एका लोहार मित्राला मी म्हणालो, मला ऐरणीवर बसू दे. तो हसला आणि म्हणाला, "चाचा, आमची पोरं इथून उठायला बघत्यात, अन् तुम्ही बसायला आलाव!" त्याचे हसणे मला कळले. पण तासाभराने मी वाकडातिकडा का होईना एक खिळा घडवला, तेव्हा तोच बारकाईने सांगू लागला की लोखंडाचा रंग नारळी-पिवळा झाल्याशिवाय ठोकू नका, लाल उतरला की थांबा. हा रंग त्याला कुणी कधी विचारलाच नव्हता.

हौशी माणसाचे काम मला इथे दिसते. तो कारागिराची जागा घेऊ शकत नाही आणि त्याने घेऊही नये. चार रविवारांत एक पान उठवणाऱ्याने आपली वस्तू 'पारंपरिक' म्हणून विकायला मांडली, तर ते कारागिराच्या ताटातले काढून घेणे होईल. पण तो विचारू शकतो, करून पाहू शकतो आणि मुख्य म्हणजे किंमत ओळखू शकतो. ज्याने एकदा स्वतः चांदीची तार खाचेत बसवून पाहिली, तो बिदरच्या दुकानात भाव पाडून मागणार नाही. बिदरी कामाला 2006 साली भौगोलिक मानांकन मिळाले. 2023 साली बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री जाहीर झाली. हे योग्यच झाले. पण मानांकनाने नाव वाचते, हात वाचायला गिऱ्हाईक लागते आणि शिकायला तयार असलेली पोरे लागतात. ती पोरे कुठल्याही घरची असोत. कारागिरीची दारे उघडायची असतील तर दोन्ही बाजूंनी उघडावी लागतील.

मला शब्दांची सवय असल्याने आणखी एक गोष्ट जाणवते. तोफ हा शब्द तुर्की, कलई अरबी, कारागीर आणि तारकशी फारसी आणि हातोडा आपला देशी. हे सगळे एकाच दुकानात, एकाच ऐरणीभोवती शेकडो वर्षे नांदले आणि मराठी झाले. दुकान बंद झाले की हे शब्दही जातात. कलईवाला गल्लीत येईनासा झाला, तसे आज लहान मुलांना 'कलई उतरली' याचा अर्थ समजावून सांगावा लागतो.

म्हणून ज्यांना पकड किंवा हातोडी धरायची नसेल, त्यांनीही एक काम करावे. आपल्या गावात धाव चढवलेला, बैलाला पत्री मारलेला, कलई केलेला, घंटा ओतलेला कुणी म्हातारा माणूस असेल तर त्याच्याजवळ एक तास बसावे. कुठली माती, किती राळ, कोणता रंग दिसला की थांबायचे, अवजाराला काय म्हणत, हे त्याच्याच शब्दांत वहीत उतरवावे आणि त्याच्या परवानगीने खाली त्याचे नाव लिहावे. मुलुखमैदानीवर तिच्या उस्तादाचे नाव कोरलेले आहे, म्हणून ते आपल्यापर्यंत आले. बाकीच्यांची नावे अजून लिहायची आहेत आणि त्यांतले काहीजण अजून सांगायला हयात आहेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)